किरकोळ ट्रंकेतला खोजा

आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा केलेलं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, मावळ्यांच्या मनगटावरची घड्याळं उतरवण्याचं. लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ माणूस लढाईतसुद्धा सोडायला तयार नसतो. इंदापुरात माझं शिलाईचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रेपरी. ड्रेपरी म्हणजे नाटक-सिनेमाला, शाळेच्या गॅदरिंगला आणि मिरवणुकांना भाड्यानं पोशाख पुरवायचा धंदा. नव्वदच्या दशकात बारामतीपासून बावड्यापर्यंत आणि वालचंदनगरच्या कॉलनीपर्यंत जेवढे राजे, सरदार आणि मारुती उभे राहिले, त्यातले निम्मे तरी माझ्या नाड्यांच्या भरवशावर उभे होते. सगळ्या मापाच्या माणसांना एकाच मापाचे कपडे बसवायचे, हे या धंद्यातलं एकमेव शास्त्र. बाकी सगळा सेफ्टी पिनांचा खेळ.

माझ्याकडे पत्र्याच्या पाच ट्रंका होत्या. झाकणावर पांढऱ्या रंगानं नावं घातलेली: राजे, मावळे, मोगल, बायका, किरकोळ. किरकोळ ट्रंकेत मारुतीची शेपटी, यमाचा मुकुट, गोणपाटावर पट्टे ओढून केलेलं वाघाचं कातडं आणि एक गुलाबी झगा असायचा. झग्याला चमकीची झालर होती. तो खोज्याचा. खोजा म्हणजे बादशाहीत जनानखान्याच्या दारावर राखणीला नेमलेला, बाईही नाही आणि पुरुषही नाही असा माणूस. सिनेमावाल्यांच्या लेखी त्याचं काम दीड मिनिटाचं. यायचं, कंबर हलवायची, दोन टाळ्या वाजवायच्या, सरदाराच्या गालाला हात लावायचा आणि पब्लिक हसलं की जायचं. हा प्राणी किरकोळ ट्रंकेत का, असं मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

माझी एक सवय इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्याशी काम आहे. उजव्या हाताच्या मधल्या बोटात माझं पितळी अंगुस्तान कायम असायचं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटावर टोपी घालतो, ते. जेवताना सुद्धा मी ते काढायचं विसरायचो. बायको म्हणायची, "मरताना काढून ठेवा म्हंजे झालं." दुकानात बसल्या बसल्या समोरच्या हॉटेलात चहा सांगायचा तर मी टाळी वाजवायचो. अंगुस्तानामुळं त्या टाळीत 'टिक्' असा बारीक आवाज यायचा. रस्त्यावर कितीही गोंगाट असला तरी हॉटेलवाला त्या टिक्‌वर चहा ओतायला घ्यायचा.

आता मंगलाक्काचं सांगतो. ती आमच्याकडे दूध घालायची. मूळची कळसची. घरचे पूर्वी मेंढरं राखायचे, नंतर शेती करायला लागले. जन्माला मुलगा म्हणून आली, नाव ठेवलं मंगेश. विशीच्या आत तिनं घरात सांगून टाकलं की मी बाई आहे आणि बाईसारखीच राहणार. बापानं उंबऱ्याबाहेर काढलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. इंदापूरच्या कडेला तिनं एक खोली बांधली, दोन म्हशी घेतल्या. आवाज घोगरा, हाड मोठं, साडी मात्र अशी चापूनचोपून की आमच्या गल्लीतल्या बायका गुपचूप तिच्या निऱ्या बघायच्या. दुधात पाणी घालणं तिला जमलं नाही. त्यामुळं अख्खी गल्ली तिच्याकडून दूध घ्यायची आणि ती वळली की "आलं का गं ते?" असं विचारायची. मराठीत नपुंसकलिंग कशासाठी ठेवलंय हे मला व्याकरणाच्या पुस्तकात कधी कळलं नव्हतं. ते भांड्याकुंड्यांसाठी, वासरांसाठी आणि मंगलाक्कासाठी होतं.

माझ्याकडे ती पहिल्यांदा आली ती पोलकं शिवायला. बाकीच्या दोन शिंप्यांनी वेळ नाही म्हणून सांगितलं होतं. शिंप्याला वेळ नसतो तो दिवाळीत, आणि ही आली होती श्रावणात. माझ्याकडे मापाच्या दोन वह्या होत्या, एक जेंट्स, एक लेडीज. मी माप घेतलं आणि लेडीजच्या वहीत लिहिलं. तिनं वाकून वही पाहिली. त्या दिवसापासून आमच्या घरच्या पातेल्यात मापावर एक धार जास्त पडायला लागली. माझ्या हातून आयुष्यात झालेली ती एक बरी गोष्ट, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. त्याचा मला गर्वही होता. चांगल्या कामाचा गर्व झाला की पुढचं काम बिघडतं, हे शिलाईत मला माहीत होतं. इतर बाबतीत माहीत नव्हतं.

त्या वर्षी बावड्याच्या बाजूला एका पडक्या गढीत ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग आलं. नाव सांगत नाही, फारसं कुणाच्या लक्षातही नाही. कपडे माझे आणि गर्दी जमवण्याचं कामही माझ्याच गळ्यात. गर्दीतून कोणाला काय करायचं हे मॅनेजर ठरवायचा आणि त्याची पद्धत फार सोपी होती. गोरा असला की सरदार, काळा असला की मावळा, दाढी असली की मोगल. शंका असली तर आडनाव विचारायचं. वालचंदनगरच्या कारखान्यातला एक अशोक नावाचा फिटर रजा टाकून आला होता. उंच, देखणा, मिशा अशा की मला चिकटवायचं काम उरलं नव्हतं. मी त्याला सरदाराचा अंगरखा चढवला. मॅनेजरनं आडनाव विचारलं. अशोकनं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "याला मशाल द्या. कोपऱ्यात उभा करा."

अशोकनं मशाल घेतली. दरबाराच्या सीनला हिरो छाती काढून संवाद म्हणायला लागला की अशोकची मशाल हळूच दुसरीकडे वळायची आणि हिरोचं तोंड अंधारात. चार वेळा झालं. दिग्दर्शक ओरडला तेव्हा अशोक शांतपणे म्हणाला, "साहेब, उजेड माझ्या हातात दिलाय तुमी. मी जरा बघून घेतो ना, कुणावर पाडायचा त्ये." पाचव्या वेळी त्याला सरदारात घेतला.

जनानखान्याचा तर वेगळाच तमाशा. पडद्यावर बेगमांचा जथा पाहिजे होता. पण गावातली एकही बाई शूटिंगला यायला तयार होईना. मॅनेजर म्हणाला, "तात्या, पुरुषांना नेसवा. लांबून घेतो." मी बावीस बाप्यांना ओढण्या, घागरे घातले. एकानं मिशी काढायला साफ नकार दिला. त्याच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. त्याला मी ओढणी दातांत धरून उभा केला. मॉनिटरमध्ये बघून दिग्दर्शक गहिवरला. "याला म्हणतात खानदानी लाज!" बाविसांपैकी एकालाही कोणी हसलं नाही. पुरुषानं पोटासाठी बाईचा पोशाख घातला तर ती अडचण असते, कोणी जन्मभरासाठी घातला तर तो विनोद होतो. हे मी आज लिहितोय. त्या वेळी मी फक्त पिना टोचत होतो.

खोज्याच्या कामासाठी पुण्याहून एक विनोदी नट बोलावला होता. त्यानं आल्या दिवशी गुऱ्हाळावर बसून एवढा रस प्यायला की दुसऱ्या दिवशी तो जनानखान्याच्या दारावर उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याला सारखं दुसऱ्याच दारावर जावं लागत होतं. मॅनेजर माझ्याकडे धावत आला. "तात्या, तुमच्याकडे कोणी आहे का हो तसलं?"

"तसलं म्हणजे?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

संध्याकाळी दूध घालायला मंगलाक्का आली तेव्हा मी तिला विचारलं. तिनं चरवी खाली ठेवली.

"काय करायचं असतंय?"

"बादशाहीतला जनानखाना आहे. त्याच्या दारावर भाला घेऊन उभं राहायचं. सरदार आत घुसायला बघतो. तू भाला आडवा धरायचा आणि म्हणायचं, 'हुकूम असल्याशिवाय आत पाऊल नाही.' एवढंच."

"कंबर हलवायची?"

"नाही."

"टाळी?"

मी टेप गुंडाळायला लागलो. तिनं पुन्हा विचारलं. "तात्या, टाळी वाजवायची का? म्या आजवर कुणाच्या दारात टाळी वाजिवली न्हाय. वाजीवनाऱ्यांस्नी नावं ठेवत न्हाय, त्यांचं प्वाट हाय त्यावर. पन म्या दूध इकून खाल्लंय, आन आता सिनेमात वाजवायची न्हाय."

"नाही वाजवायची. माझा शब्द."

"तुमचा शब्द हाय तर येती."

मग ती मूळ मुद्द्यावर आली. तिचा बाप, कळसचे आबा, ऐतिहासिक गोष्टींचा भारी शौकीन. पोवाडा म्हटला की भाकरी टाकून उठायचा. "दरबारात उभी हाय म्हटल्यावर आबा बघाय येतील, तात्या. माझ्याकडं न्हाय बघनार. पन दरबाराकडं बघतील का न्हाय? मग त्यात मी असंनच की."

एवढ्या मोठ्या हाडापेराची बाई हे एवढं हळू बोलली. मी उठून किरकोळ ट्रंक उघडली आणि तो गुलाबी झगा काढला. तिनं झगा पाहिला, शेजारची शेपटी पाहिली, झाकणावरचं नाव वाचलं.

"मी हितली व्हय? शेपटीसंगं?"

आमच्या गावात मोडी आणि फारसी वाचणारे एक निवृत्त गुरुजी होते. मी सायकल काढून त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, खोजा हा शब्दच मुळी ख्वाजा. म्हणजे धनी, मालक. खजिन्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांच्यातले काही फौजा घेऊन लढलेत. सरदार त्यांच्यापुढं अदबीनं उभे राहायचे. तुम्ही लोक त्याला झालर लावता!" मी खाली मान घालून परत आलो आणि काळ्या मखमलीचा अंगरखा बेतायला घेतला. घोट्यापर्यंत लांब, बाह्या अरुंद, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला पितळी किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा माझ्या घरच्याच कुलपांचा होता, त्यामुळं दोन दिवस आमचं कपाट उघडं राहिलं. माप वहीत होतंच. माझ्या हातचा इतका चांगला पोशाख पुन्हा झाला नाही.

शूटिंगच्या दिवशी मंगलाक्का भाला घेऊन उभी राहिली आणि सेटवरची बडबड थांबली. आत बेगमा झालेले बावीस बाप्ये आणि दारावर त्या अख्ख्या गढीतली एकुलती एक बाई. सरदार आला. तिनं भाला आडवा धरला आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हुकूम असल्याशिवाय आत पाऊल न्हाय." सरदार झालेला नट खराच दोन पावलं मागं सरला.

दिग्दर्शकानं तोंड वाकडं केलं. "अहो, हे फार सिरियस झालं. जरा लचक पाहिजे. टाळी मार गं एक."

"टाळी न्हाय," ती म्हणाली. "ठरलंय तसं. तात्यांना इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, तसं ठरलंय खरं." आवाज बारीक निघाला, पण निघाला. ऊन उतरत होतं, दुसरं माणूस मिळणार नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "ठीक आहे. डबिंगला बघू."

डबिंग म्हणजे काय ते सांगतो. त्या वेळी शूटिंगच्या जागी धरलेला आवाज सिनेमात क्वचितच यायचा. चित्र इथलं, आवाज नंतर मुंबईच्या स्टुडिओत बसून भरायचा. घोड्याच्या टापासुद्धा तिथं नारळाच्या करवंट्या आपटून काढतात. हे सगळं मला माहीत होतं. मंगलाक्काला माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सामान बांधताना साऊंडवाला माइक घेऊन फिरत होता. पाखरं, रहाट, शेळ्या असे सुटे आवाज धरत होता. मॅनेजर मला म्हणाला, "तात्या, तुमची चहाची टाळी लई कडक असते. दहा-बारा द्या बरं."

"कशाला?"

"लागतात."

मी दिल्या. माझा आवाज सिनेमात जाणार म्हणून छाती फुगली होती. साऊंडवाला कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाला, "काका, एवढ्या ताठ नको. हात जरा सैल सोडा. लाडात आल्यासारख्या." मी हात सैल सोडले आणि लाडात आल्यासारख्या सहा टाळ्या वाजवल्या. त्या कशाला लागणार आहेत हे मला कळलं नव्हतं, असं मी पुढं बायकोला सांगितलं. अशोक फिटरलाही सांगितलं. पण इथं लिहिताना खोटं कशाला लिहू? कळलं होतं. हात सैल सोड म्हणाला तेव्हाच कळलं होतं.

सिनेमा बारामतीत लागला. मंगलाक्का सकाळी दूध घालताना म्हणाली, "तात्या, आबांना तुमी आना. माझ्यासंगं यायचं न्हाईत त्ये." तिनं कळसला कोणातर्फे तरी निरोप धाडला होता. म्हाताऱ्यानं उलट निरोप दिला होता: दरबार असला तर बघतो.

मी आबांना एसटीनं घेऊन गेलो. स्वच्छ धोतर, डोक्याला नवा पटका, हातात काठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन करायचं नाही म्हणून हट्ट धरून बसलेले. त्यांना दिसायचं ते सावल्यांसारखं. गाडीत ते काठी गुडघ्यात धरून बसले. भिगवणचा रस्ता मागं टाकल्यावर म्हणाले, "त्यो काय करतुया त्या दरबारात?"

"दारावर भाला घेऊन उभं राहायचं काम आहे, आबा. कमरेला किल्ल्या. तिच्या हुकमाशिवाय सरदारसुद्धा आत जाऊ शकत नाही."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजे वाघरीच्या तोंडाशी असतो त्यो." वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळ्याचं कुंपण. तिच्या तोंडाशी घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस झोपतो. "तसलं काम आसंल तर बरं हाय," आबा म्हणाले आणि पटका सारखा केला.

दुपारचा खेळ होता. मंगलाक्का लेडीजच्या रांगेत उभी होती, अंगावर माझ्याच हातचं नवं पोलकं. दारवाल्यानं तिला अडवायला हात वर केला, मग तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि हात खाली केला. ती बायकांच्या बाजूला गेली, आम्ही पुरुषांच्या.

दरबार आला. अशोक सरदार झालेला दिसला, आमच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारली. मग जनानखान्याचं दार आलं आणि पडदाभर मंगलाक्का. काळी मखमल काय दिसत होती! भाला ताठ, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी आबांना म्हणालो, "आबा, ती बघा." ते पुढं झुकले.

सरदार जवळ आला. मंगलाक्काचे ओठ हलले आणि पडद्यातून एक चिरकी, लाडिक, लांबवलेली ओळ आली: "अय्या, हुकूम असल्याशिवाय आत पाऊल नाऽऽही!" आणि लगेच टाळी. पुन्हा टाळी. तिचे हात भाल्यावरून हललेसुद्धा नव्हते. भाला धरलेल्या दोन हातांवर टाळ्या वाजत होत्या. थिएटर फुटलं. माणसं बाकं बडवून हसत होती. आवाज कुठून येतोय आणि हात कुठं आहेत याकडे बघतो कोण? खोजा म्हटल्यावर टाळी वाजायलाच पाहिजे. नाही वाजली तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही.

आणि प्रत्येक टाळीत बारीक 'टिक्' होतं.

मी बाकावर खाली खाली सरकत गेलो. आबांना हात दिसत नव्हते. त्यांना ऐकू येत होतं तेवढंच. ते माझ्याकडे वळले. "टाळ्या वाजिवल्या त्यानं?"

एवढा एकच प्रश्न होता. त्याला 'नाही आबा, त्या माझ्या' एवढंच उत्तर होतं. चार शब्द. मी म्हणालो, "सिनेमात असतं असं, आबा."

ते उठले. "चल. गाडी चुकंल."

अंधारात पांढरं धोतर दाराकडे जाताना मंगलाक्काला दिसलं असणार, कारण बायकांच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलेलं मला दिसलं. कळसला पोचेपर्यंत आबा खिडकीकडे तोंड करून बसले. मला गाडीचं हेलकावणंसुद्धा शिक्षा केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. दूध मापून घातलं. वरची धारही घातली, हे मला जास्त लागलं. मग दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "तात्या, हात दावा."

मी हात पुढं केला. तिनं माझ्या मधल्या बोटाकडे पाहिलं.

"म्या रातभर इचार केला, ही टाळी म्या कुठं ऐकलीया. आमच्यातल्यांची न्हाय. आमच्यातली टाळी पसरट असती. ही तर चहाची."

मी शरमलो. मॅनेजरचं नाव घेतलं, साऊंडवाल्याचं घेतलं, मुंबईचं घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबांना सांगितलं का?"

"नाही."

"मग चला."

दुकान उघडं टाकून मी तिच्याबरोबर कळसला गेलो. त्या एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि मी दोन बाकं मागं, शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखा. घराच्या अंगणात ती कडुनिंबाखाली थांबली. अकरा वर्षं ती आबांपुढं आली नव्हती. आबा सोप्यात, उंबऱ्याच्या आत, घोंगड्यावर बसले होते.

"कोन हाय?"

"मी, इंदापूरचा शिंपी. आबा, कालच्या त्या टाळ्या तिनं वाजवल्या नव्हत्या."

"मग कुनी?"

मी सांगितलं नाही. वाजवली. लाडात आल्यासारखी, हात सैल सोडून, एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात भर सकाळी. शेजारच्या दोन बाया भिंतीवरून डोकावल्या. मी राजे नेसवलेला माणूस, त्या अंगणात मी जसा दिसलो असेन, तसा किरकोळ ट्रंकेतला कोणताच नग कधी दिसला नसेल.

आबांनी डोळे मिटून घेतले. "पुन्यांदा."

मी पुन्हा वाजवली. टिक्.

"आजून येकदा."

तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आबांनी मान हलवली. "व्हय. हीच. पितळ हाय हिच्यात." मग त्यांनी तोंड अंगणाकडे वळवलं, कडुनिंबाखाली उभ्या सावलीकडे. "आन तू काय म्हनली हुतीस तितं?"

म्हनली हुतीस. मी शिंपी माणूस, व्याकरणात कच्चा. पण तो एक 'ली' मला ऐकू आला आणि तिलाही आला, कारण ती पदराशी चाळा करायची थांबली. ताठ झाली. हातात भाला नव्हता तरी हात तसेच धरले. आणि त्या घोगऱ्या आवाजात, बारामतीच्या थिएटरात कोणालाच ऐकू न आलेल्या आवाजात ती म्हणाली, "हुकूम असल्याशिवाय आत पाऊल न्हाय."

आबा घोंगड्यावर एका कडेला सरकले.

"हुकूम हाय," आबा म्हणाले. "ये आत."

ती चप्पल काढून उंबरा ओलांडून गेली. मी बोटातलं अंगुस्तान काढून खिशात टाकलं आणि कडुनिंबाखाली उभा राहिलो. मला कोणी आत बोलावलं नाही.